प्रार्थना कोरडी पडते तेव्हा : एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई पुण्यात नोकरी करतात. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालू आहे. आधी ताई पहाटे उठून वचन वाचायच्या, प्रार्थनेला बसायच्या. आता बसलं की शब्द फुटत नाहीत. झोप येते, नाहीतर रडू येतं. चर्चच्या मंडळीतल्या एका भगिनीनं सांगितलं, ‘तुमच्या घरात विश्वास कमी आहे, म्हणून चंगाई, म्हणजे देवाकडून बरं होणं, अडली आहे.’ एका चंगाई सभेत तर मशीन सोडून ‘पूर्ण विश्वासानं चाला’ असा सल्ला मिळाला. ताई विचारतात : माझा विश्वास संपला का? उपचार घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं का? आणि रोज देवाच्या कृपेवर विसंबून जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

ताई, मधला प्रश्न आधी घेतो, कारण त्यात यजमानांच्या जिवाचा प्रश्न आहे.

डायलिसिस बंद करू नका. एक फेरीही चुकवू नका. किडनी बंद असताना फेऱ्या चुकल्या की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, छातीत पाणी भरतं आणि माणूस काही दिवसांत हातचा जातो. सभेच्या मंचावरून ‘मशीन सोडा’ म्हणणारा माणूस त्या रात्री तुमच्या घरी थांबणार नाही. मी बरीच वर्षं पाळक म्हणून नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि नंतर पुण्यात सेवा केली. इन्सुलिन सोडलेली, फिटच्या गोळ्या सोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या काहींच्या दफनविधीला उभा राहिलो आहे. अशा घरांत मागे राहिलेल्यांना दुःखाबरोबर ‘आमचाच विश्वास कमी पडला’ हे ओझंही वाहावं लागतं. ते ओझं ज्यांनी घातलं त्यांना देवापुढं जाब द्यावा लागेल, असं मी अगदी विचारपूर्वक म्हणतो.

पवित्र शास्त्रात औषधाचा तिटकारा कुठंच नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्यानं भिंतीकडं तोंड करून रडून प्रार्थना केली आणि देवानं त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. तरीसुद्धा यशया संदेष्ट्यानं काय सांगितलं? अंजिरांची चांदकी आणा आणि गळवावर बांधा. उत्तर आलेलं होतं, आणि तरी पोटीस बांधायला सांगितलं. प्रेषित पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक होता, त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला सारखा पोटाचा त्रास व्हायचा, तर पौलानं त्याला विश्वास वाढवण्यावर उपदेश केला नाही. नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं लिहिलं. त्रफिम आजारी होता म्हणून पौलानं त्याला मिलेताला मागं ठेवलं. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत, त्या प्रेषिताला आपला सोबती आजारी सोडून पुढं जावं लागलं, आणि याबद्दल त्यानं त्रफिमच्या विश्वासाला नावं ठेवली नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातली मंडळी तर दवाखान्यांच्या आसऱ्यानंच वाढली आहे. मिरजेला डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ही माणसं प्रार्थना करणारीच होती. त्यांच्या दृष्टीनं हातातलं स्टेथोस्कोप आणि जोडलेले हात यांत भांडण नव्हतं. म्हणून डायलिसिसच्या खुर्चीत सुई टोचली जाते तेव्हा ‘प्रभू, या यंत्राबद्दल, या सिस्टरच्या हाताबद्दल तुझे आभार’ असं म्हणायला तुम्हाला काहीच संकोच नको. तुमच्या यजमानांच्या रक्तातलं विष आठवड्यातून तीनदा बाहेर काढलं जातं, हीसुद्धा कृपाच आहे. खर्चाचा ताण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रं विचारा. पाळकाच्या उत्तरात योजनेचं नाव आलं याचं नवल वाटून घेऊ नका. अर्ज भरणं ही अविश्वासाची खूण नाही.

आता पहिला प्रश्न. तुमचा विश्वास संपला का?

ज्याचा विश्वास संपतो तो हा प्रश्न विचारतच नाही. तो उठून जातो. तुम्ही अजून त्याच दाराशी उभ्या आहात आणि दार का उघडत नाही म्हणून रडता आहात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो. शिष्यांना जमलेलं नसतं, लोक वाद घालत असतात, आणि बाप मोडून पडलेला असतो. तो येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. येशू त्याला म्हणत नाही की आधी अविश्वास काढून ये, मग बघू. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरच मुलगा बरा होतो. त्या बापाची प्रार्थना तुम्हाला रोज करता येईल आणि ती पुरेशी आहे.

त्या भगिनीच्या बोलण्याबद्दल मला कडक शब्दांत लिहायचं आहे. आजाऱ्याच्या घरी जाऊन कारण शोधणं हा आपल्यातला जुना रोग आहे. जन्मांध माणसाकडं बघून शिष्यांनीही येशूला तेच विचारलं होतं की पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं? येशूनं दोन्ही नाकारलं. संकटांनी पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तेव्हा बिघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप भडकतो तो त्या मित्रांवर. ज्या ईयोबानं देवाशी हुज्जत घातली, त्याच्यावर नाही. तुमच्या त्या भगिनीचा हेतू वाईट नसेल. पण तिचं वाक्य मनात घर करून बसलं असेल तर ते काढून टाका. देवानं ते तिच्यामार्फत पाठवलेलं नाही.

कोरडेपणाबद्दल बोलू. प्रार्थनेला बसल्यावर झोप येते याची तुम्हाला लाज वाटते, असं पत्रात दिसतं. तुमचा दिवस मी नजरेपुढं आणून पाहिला. पहाटे उठून यजमानांसाठी कमी मिठाचा, भाज्या आधी पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलेला स्वयंपाक. मग ऑफिस. डायलिसिसच्या दिवशी अर्धी रजा, चार तास खुर्चीशेजारी, घरी आल्यावर त्यांना थकव्यानं उलटी झाली तर ते आवरणं. दिवसभर त्यांच्या पाण्याचे पेले मोजणं. इतकं झाल्यावर रात्री वचन उघडलं की डोळे मिटणारच. याला आत्मिक अधःपतन म्हणत नाहीत. याला दमणं म्हणतात.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती दमलेल्या माणसाच्या नजरेनं पुन्हा वाचा, १ राजे, १९वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आकाशातून अग्नी उतरला, आणि लगेच पुढं ईजबेल राणीच्या धमकीनं तो पळत सुटला. बैर-शेब्याच्या पुढं, रानात दिवसभर चालून, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. एवढी प्रार्थना करून झोपला. देवदूतानं त्याला हात लावून उठवलं. काय म्हणाला तो? ‘तुझा विश्वास कुठं गेला’ असं काही नाही. ‘ऊठ, खा’ म्हणाला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीयानं खाल्लं आणि परत झोपला. देवानं त्याला दुसऱ्यांदाही झोपू दिलं. मग पुन्हा उठवून खाऊ घातलं, कारण वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. वाट झेपत नाही हे देवालाच आधी कळलं होतं. ‘तू इथं काय करतोस?’ हा प्रश्न पुढं होरेब डोंगरावर आला. तोवर जेवण झालं होतं, झोप झाली होती, चाळीस दिवसांची चाल झाली होती.

ताई, तुमच्या बाबतीत आत्ता देवाची आज्ञा बहुधा ‘ऊठ, खा’ आणि ‘पुन्हा झोप’ हीच असावी. ज्या रात्री डोळे उघडे राहत नाहीत त्या रात्री ‘प्रभू, यांना आणि मला तुझ्या हाती देते’ एवढं म्हणून झोपा. अपराधीपणा मनात न घेता झोपा.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळं याच्यावर उभं आहे. कृपेवर विसंबून जगायचं म्हणजे करायचं काय?

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात कृपेची कल्पना साठ्याची असते. पाणी एक दिवसाआड सुटतं म्हणून आपण सगळी पिंपं, हंडे, कळशा भरून ठेवतो. तशी पहाटेच्या प्रार्थनेत, उपासाच्या चाळीस दिवसांत, एखाद्या चांगल्या शिबिरात कृपा भरून ठेवायची आणि संकट आलं की त्यातून काढायची, असं आपल्याला वाटतं. मग संकट लांबलं आणि आतून कोरडं वाटायला लागलं की आपण घाबरतो, ‘माझा साठा संपला.’ पण देवानं साठा कधी दिलाच नव्हता.

निर्गमचा १६वा अध्याय काढा. इस्राएल लोक रानात उपाशी होते. सकाळी दंव उठून गेलं की जमिनीवर बारीक, पांढरं काहीतरी दिसायचं, तोच मान्ना. माणशी एक ओमर गोळा करायचं, म्हणजे आजच्या मापानं दोनेक लिटर. ज्यानं जास्त गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्यानं कमी केलं त्याला कमी पडलं नाही. आणि उद्यासाठी ठेवू नका, असं मोशेनं बजावलं. काहींनी ठेवलंच. सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचं आणि ते शब्बाथासाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, टिकायचंही. हे चाळीस वर्षं चाललं. कनानात पोचून तिथल्या पिकाचं धान्य त्यांनी खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना थांबला.

एक गोष्ट मला या अध्यायात सारखी दिसत राहते. चाळीस वर्षांत एकाही माणसाच्या घरात रात्री उद्याचं अन्न नसायचं. शुक्रवारची रात्र सोडली तर रोज रात्री मडकं रिकामं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की हे लोक भुकेच्या काठावर जगतात. आणि त्यांचं रोज भागत होतं. प्रभूनं आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेतही तेच आहे, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ महिन्याची मागायला त्यानं शिकवलं नाही.

तेव्हा तुमचं मडकं रात्री रिकामं असतं, एवढ्यावरून देवानं तुम्हाला सोडलं असं ठरत नाही. उद्याच्या फेरीला लागणारी ताकद आज रात्री तुमच्याजवळ नाही, कारण ती आज लागणार नाही. पुढच्या वर्षी काय होईल, प्रत्यारोपण होईल का, दाता मिळेल का, मुलांच्या फीचं काय, या सगळ्याला पुरेल एवढी कृपा आत्ता अंगात जाणवावी अशी अपेक्षा धरलीत तर ती कधीच जाणवणार नाही. भीती उद्याची असते आणि कृपा आजची असते. म्हणून उद्याच्या भीतीपुढं आपण नेहमी निःशस्त्र असतो. डॉक्टरांशी उद्याचं नियोजन करा, जरूर करा. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घाला. पण कृपा मागताना आजच्यापुरती मागा. ‘प्रभू, आज चार तास बसायचंय, एवढं निभव.’ ‘आज त्यांची चिडचिड मला न चिडता ऐकू दे.’ अशी छोटी, नेमकी मागणी करा आणि रात्री आठवून बघा की ती निभली का. बहुतेक रात्री तुम्हाला दिसेल की निभली. त्याला कृपा म्हणतात. तिला अंगावर काटा यावा लागत नाही.

पौलाचंही असंच झालं. त्याच्या शरीरात काटा होता. तो कसला ते तो सांगत नाही. तीन वेळा त्यानं काढून टाकण्याची विनंती केली आणि तो निघाला नाही. उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ हे वाक्य आपण कॅलेंडरवर छापतो, पण ते नकाराच्या पत्रात आलेलं वाक्य आहे, हे विसरतो. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कोणाची छाती आहे? मी हे सांगतो म्हणून चंगाई मागणं थांबवू नका. देव बरं करतो, आजही करतो, मागत राहा. फक्त बरं होणं म्हणजे कृपा आणि न होणं म्हणजे कृपा अडली, हे गणित सोडा.

आणि नवसाचं गणितही. आपल्या मातीतच नवस आहे, आणि ख्रिस्ती घरांतूनही तो उपासाच्या, देणगीच्या रूपानं आत येतो. ‘एवढे उपास करते, मग हे कर.’ काही सभांमध्ये ‘बी पेरा’ म्हणून आजारी माणसाच्या घरातून पैसे घेतले जातात. तुमच्या घरातला एक रुपयाही अशा ठिकाणी जाऊ देऊ नका. ज्या देवानं स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही, त्याला लाच द्यावी लागत नाही. तुम्ही उपवास करत असाल तर सध्या थांबवा. तुमच्या अंगात ताकद हवी आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. बुद्धी, संस्कृत विद्या, धैर्य, त्याग, काय नव्हतं त्यांच्याजवळ? तरी पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपल्या चांगुलपणावर आणि समजुतीवर त्या उभ्या होत्या. रिकाम्या हातानं, जशी आहे तशी, त्याच्याकडं जायचं त्यांना मग उमगलं. एवढ्या थोर बाईला जे कळायला आठ वर्षं लागली, ते आपल्याला अडचणीच्या वर्षांत हळूहळू कळलं तर घाबरण्याचं कारण नाही.

आणि विसंबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हेही त्यांच्याकडंच शिकावं. दौंडजवळच्या केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं ते देणगी येईल या भरवशावर आणि प्रार्थनेवर. पण रमाबाईंनी जमीन घेतली, शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना घातला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो मुलींना, बायकांना घेऊन आल्या. आधी पैसे, मग मुली, असा त्यांचा क्रम नव्हता. शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर चालू होतं. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्या दुःखातही आईनं काम सोडलं नाही. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम पुरं झालेलं होतं. लेकीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल का? केली असणारच. लेक गेली, आणि कृपा त्या दिवसालाही पुरली.

आता रोज काय करायचं ते सांगतो. पहाटेचा तास परत आणायचा हट्ट सोडा. तो काळ चांगला होता, तो पुन्हा येईलही. सध्या तुमच्याजवळ डायलिसिसचे चार तास आहेत. त्यातला पहिला अर्धा तास फार धावपळीचा असतो. वजन, रक्तदाब, सुया, यंत्राची मापं. यजमानांना जोडलं आणि यंत्राचा आवाज एकसारखा झाला की मोबाइल पर्समध्ये टाका आणि एक स्तोत्र वाचा. एकच. त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, शेजारच्या खुर्चीला त्रास न होईल असं. १२१वं स्तोत्र आठ ओव्यांचं आहे, १३१वं तर तिनांतच संपतं. आठवडाभर तेच वाचलंत तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात ते पाठ झालेलं असेल, आणि रात्री दोन वाजता जाग आली की ते आपणहून तोंडात येईल.

स्वतःचे शब्द फुटत नाहीत तेव्हा दुसऱ्याचे शब्द वापरा, याला कमीपणा समजू नका. गेथशेमाने बागेत प्रभूनंही तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा केली, त्याच शब्दांत; मत्तयानं हे मुद्दाम नोंदवलं आहे. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आले ते शब्द २२व्या स्तोत्राचे होते. आमच्याकडं खेड्यात काही म्हाताऱ्या बायांना वाचता येत नव्हतं. भाकरी थापताना प्रभूची प्रार्थना आणि नारायण वामन टिळकांची दोन-चार पदं, एवढ्यावर त्यांची सगळी भक्ती उभी होती, आणि मंडळीतल्या मोठ्या संकटात लोक प्रार्थनेला त्यांच्याकडंच जात. तुमच्या कपाटात ‘उपासना संगीत’ असेल. गाता येत नसलं तर पद नुसतं वाचा. वसईकडच्या तुमच्या कॅथलिक मैत्रिणी जपमाळ घेऊन बसतात. त्यांच्या हातातल्या मण्यांमागंही हाच शहाणपणा आहे की थकलेल्या मनाला धरायला काहीतरी हवं असतं.

रागही देवासमोर आणा. हे लिहिताना मला माहीत आहे की काही वाचकांना ते रुचणार नाही. १३वं स्तोत्र सुरूच होतं ते ‘आणखी किती काळ मला विसरणार’ अशा तक्रारीनं. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवानं ते काढून टाकलं नाही. ज्या दिवशी यजमानांचा हात सुजलेला असेल, फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, बंद पडला असेल आणि पुन्हा शस्त्रक्रियेचं नाव निघालं असेल, त्या दिवशी आभाराची स्तोत्रं ओढूनताणून म्हणू नका. ८८वं काढा आणि तुमच्या नावानं वाचा.

यजमानांची प्रार्थना वेगळी असेल, हेही लक्षात घ्या. आजारी माणसाचं देवाशी काय चाललंय हे बायकोला कळतंच असं नाही. ते प्रार्थनेला बसत नाहीत म्हणून तुम्ही पत्रात चिंता केली आहे. त्यांना बसवू नका. तुम्ही वाचा, त्यांना ऐकू द्या. चार महिन्यांनी एखाद्या दिवशी ते म्हणतील की आज वाचलं नाहीस. नाही म्हणाले तरी वाचत राहा.

आणि हे सगळं एकटीनं उचलू नका. कफर्णहूममध्ये त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेवर उचलून आणलं, गर्दीमुळं दार मिळेना तेव्हा छप्पर उसकटून खाली सोडलं. मार्क लिहितो की येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथं अवाक्षर नाही. तुमच्या घराची बाज सध्या दुसऱ्यांनी उचलायची वेळ आहे. पण आपल्या लोकांची एक सवय आहे : ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, आणि आपण कधी सांगत नाही. सांगा. नेमकं सांगा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी ज्यांच्याशी बोलता येतं त्यांना म्हणा की मंगळवारी यांना दवाखान्यातून घरी आणायला गाडी आणि माणूस हवा आहे. महिला मंडळाला सांगा की शनिवारी कोणीतरी दोन तास घरी बसा, मला झोपायचं आहे. ज्या भगिनीनं विश्वास कमी असल्याचं सांगितलं तिलाही विचारा, डबा आणून देशील का? मिठाचं प्रमाण लिहून द्या. माझा अनुभव असा की अशी माणसं डबा घेऊन चार वेळा घरी आली, की उपदेश आपोआप कमी होतो आणि मैत्री वाढते.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण यजमान बरेच महिने उपासनेला येऊ शकलेले नाहीत म्हणून सांगतो. पाळकसाहेबांना घरी बोलवा. डायलिसिसचा दिवस नको, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जरा हुशारी असते तेव्हा ठेवा. पाणी मोजून प्यावं लागतं आणि द्राक्षरसातही पोटॅशियम असतं, म्हणून पाळकसाहेबांना आधीच फोनवर कल्पना द्या. भाकरीचा तुकडा पेल्यात बुडवून देता येतो, त्यात काही उणं राहत नाही. शेजारच्या खोलीत मुलं असतील तर त्यांनाही बसवा. तुम्ही स्वयंपाकघरात चहाच्या मागं राहू नका. तुम्हालाही ते घ्यायचं आहे. चहा नंतर पाळकसाहेब करतील. आम्हाला जमतो तो.